एकट्याने कमरेपर्यंत

कुश्तोदियूने मळा विकला ही बातमी एर्मिनियूला गावात सगळ्यात शेवटी कळली, कारण तो कुश्तोदियूचा सख्खा मेहुणा होता आणि दोघांच्या मळ्यांत फक्त बोरूच्या काड्यांचं कुंपण होतं. गावात असंच असतं. बातमी ज्याची, त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर ती शिळी होते.

सांगितलं झुल्मीराने. चर्चच्या मागे तिची खानावळ होती आणि ऑक्टोबरात बायको, दियोलिंदा, गेल्यापासून एर्मिनियू दुपारी तिथेच जेवायचा. घरी चूल होती, भांडी होती. पण त्यांना हात लावायचा म्हणजे परक्याच्या कपाटात डोकावल्यासारखं वाटायचं.

"लिस्बनच्या लोकांनी घेतला," झुल्मीरा त्याच्यापुढे कोबीच्या पानांचं सार ठेवत म्हणाली. "उन्हाळी घरं बांधणार. प्रत्येक घरामागे पोहायचा हौद."

"समोर समुद्र आहे की."

"समुद्र गार असतो म्हणे."

"मग येतात कशाला?"

"समुद्र बघायला. हौदात बसून."

एर्मिनियूने पावाचा तुकडा सारात बुडवला आणि तिथेच विसरला. "कुश्तोदियू कुठे जाणार?"

"लेकीकडे. लक्झेंबर्गला. तिला कळलंय की बाप एकटा आहे. वीस वर्षांनी कळलं, पण कळलं. फेब्रुवारी सरता सरता मशीन येणार, सगळ्या वेली उपटणार."

"म्हातारी पण?"

"मशीनला काय, म्हातारी नि तरणी सारखीच."

एर्मिनियूने चमचा खाली ठेवला. त्या दिवशी झुल्मीराचं सार पहिल्यांदाच तसंच परत गेलं, आणि ते वाईट झालं होतं म्हणून नाही. वाईट ते रोजच असायचं.

म्हातारी म्हणजे एक द्राक्षवेल. आमच्या कुलारिश गावच्या वाळूत वेली उभ्या राहत नाहीत. समुद्रावरचा वारा उभं राहू देत नाही. त्या जमिनीवर पालथ्या पडून असतात, जेवण झाल्यावर सासऱ्याच्या घरी जावई पडतो तशा, आणि उन्हाळ्यात घड तापल्या वाळूने भाजू नयेत म्हणून त्यांना काटक्यांचे टेकू द्यावे लागतात. म्हातारी कुणी लावली ते कुणालाच माहीत नव्हतं. दियोलिंदाच्या बापाच्या बापालाही ती म्हातारीच भेटली होती. लहानपणी दियोलिंदाला पाखरं हाकलायला तिच्याशेजारी बसवायचे, आणि पाखरं नसली की ती वेलीशी बोलत बसायची. पुढे बापाने मळ्याचे दोन भाग केले, मुलाला एक, मुलीला एक. मध्ये कुंपण घातलं. म्हातारी गेली मुलाच्या बाजूला, चार पावलांवर.

तीन हिवाळ्यांपूर्वी दियोलिंदाने म्हातारीचा एक लांब फाटा कुंपणाखालून आपल्या बाजूला ओढला, खड्डा करून वाळूत पुरला आणि शेंडा पुढे बाहेर काढला. दाबकलम. पुरलेल्या जागी फाट्याला स्वतःची मुळं फुटेपर्यंत तो आईच्या जिवावर जगतो. तिसऱ्या हिवाळ्यात मुळं बघून आईपासून तोडायचा. याला इकडे दूध तोडणं म्हणतात. त्याचे नियम आहेत आणि ते पाळले जातात, निदान चर्चच्या नियमांपेक्षा जास्त. मुळं बघितल्याशिवाय दूध तोडायचं नाही. ज्याने पुरलं त्यानेच तोडायचं. आणि मार्चमध्ये शेंडा छाटला की टोकातून पाणी ठिबकलं पाहिजे. वेल रडली म्हणजे जगली.

दियोलिंदाने तो तिसरा हिवाळा काही गाठला नाही. शेवटच्या तोडणीच्या टोपल्या धुतल्या, उन्हात पालथ्या घातल्या, आणि दोन दिवसांनी तीच गेली. त्यांना मूलबाळ नव्हतं. मागे राहिला एर्मिनियू, आणि कुंपणाच्या अलीकडे वाळूवर पडलेली, हातभर लांबीची ती पोरगी. मशीनने म्हातारी ओढली की तिच्याबरोबर तीही ओढली जाणार होती. तिला मुळं फुटली असतील तर वाचवायला जेमतेम महिना होता.

"म्हातारीची एक काडी तोडून नवी लाव की," झुल्मीरा म्हणाली. "काडी काय, कुठेही लागते."

"ती मी लावलेली होईल."

"मग?"

"मग काही नाही," एर्मिनियू म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला.

मुळं बघायची तर खड्डा करायला हवा, आणि खड्डा एकट्याने करता येत नाही. तिथे वाळू पुरुषभर खोल आहे. तिच्याखाली चिकणमाती, तिच्यात ओल. वेलीचा जीव त्या ओलीत. पण वाळू कधी खाली येईल त्याचा नेम नाही. आली की आवाजही करत नाही. म्हणून खणणारा डोक्यावर टोपली उलटी घालून खाली उतरतो. वाळू पडलीच तर टोपलीत श्वासापुरती हवा राहते. आणि वरती एक माणूस दोन पावलं मागे उभा राहतो. काठाजवळ आला तर काठ ढासळेल. म्हणजे त्याला खालचा दिसत नाही. मग खालचा जिवंत आहे हे कळावं कसं? तर बोलून. दोघांनी बोलत राहायचं. काय बोलायचं याला नियम नाही. आवाज थांबला की वरच्याने हातांनी उकरायला लागायचं. पोरांना पहिल्यांदा मळ्यात नेतात तेव्हा हेच शिकवतात: एकट्याने कमरेपर्यंत, दोघांनी मातीपर्यंत.

वर उभं राहणं जाणणारी माणसं आता बहुतेक दफनभूमीत होती. त्यांच्याशी बोलता येतं, पण उत्तर येत नाही. जिवंतांपैकी राहिला होता एक कुश्तोदियू. आणि त्याच्याशी एर्मिनियू नऊ वर्षं बोलत नव्हता.

बोलत नव्हता म्हणजे झुल्मीरामार्फत बोलत होता. एकाच टेबलावर बसून "त्याला म्हणावं, मीठ सरकव" असं चालायचं. दियोलिंदाची शवपेटी पुढून दोघांनीच उचलली होती, एक डावीकडून, एक उजवीकडून. चर्चच्या पायऱ्या आल्या तेव्हा एर्मिनियू मागून येणाऱ्या झुल्मीराला म्हणाला, "त्याला सांग, पायरी आहे." झुल्मीराने रडता रडता सांगितलं.

भांडण असल्याच एका खड्ड्यातलं होतं. एर्मिनियू खाली, कुश्तोदियू वर. गाव म्हणायचं, कुश्तोदियू जागा सोडून गेला म्हणून एर्मिनियू रागावला. ते खरं होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं एर्मिनियूने कुणाला सांगितलं नाही. खाली माणूस एकटा असतो, डोक्यावर टोपली असते, आपलाच आवाज आपल्याला जवळून ऐकू येतो. अशा वेळी तोंडाला कुलूप राहत नाही. तो बोलत गेला. म्हणाला, मूल नाही याचं तिला काही वाटत नाही असं ती दाखवते, मीही तसंच दाखवतो. पण रोज सकाळी जाग आली की पहिलं तेच आठवतं. तिला सांगू नकोस. वरून उत्तर आलं नाही म्हणून त्याने टोपली काढून मान वर केली. कुश्तोदियू नव्हता. दियोलिंदा उभी होती, जेवणाचा डबा घेऊन. "ये वर," ती म्हणाली, "मासा गार होतोय." त्यावर ती पुढे जन्मात एक शब्द बोलली नाही. मेहुण्याने वेळीच "हो" म्हटलं असतं तरी हे टळलं असतं, आणि ते एर्मिनियूला माफ करता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुश्तोदियू खानावळीत आला. बारीक, वाकलेला, कोटाच्या खिशात हात घालून. पलीकडच्या खुर्चीवर बसला.

"झुल्मीरा," एर्मिनियू म्हणाला, "त्याला सांग, दियोलिंदाच्या वेलीची मुळं बघायचीत. वर माणूस पाहिजे."

झुल्मीरा गल्ल्यावर कोपर टेकून म्हणाली, "ऐकलं त्याने."

"त्याला सांग," कुश्तोदियू म्हणाला, "उद्या सकाळी येतो. आणि टोपली माझी आणतो. त्याची उंदरांनी खाल्लीये."

"त्याला विचार, त्याला कसं माहीत."

"त्याला सांग, ताई सांगायची. कुंपणावरून. सगळं सांगायची."

एर्मिनियूने पावाचा तुकडा मोडला.

"आणि दोघांनाही मीच सांगते," झुल्मीरा म्हणाली, "खड्ड्यात निरोप पोचवायला मी येणार नाही. तिथे ज्याचं त्याने तोंड उघडायचं."

सकाळी वारा पडला होता. सिंत्राच्या डोंगरावर रोजचा ढग बसला होता. कुश्तोदियू टोपली घेऊन आला, आतून एकदा फुंकून त्याने ती एर्मिनियूच्या हातात दिली आणि मोजून दोन पावलं मागे सरकला. एर्मिनियूने पोरगीच्या बाजूने वाळू काढायला सुरुवात केली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी फावडं पहिल्यापेक्षा जड होतं, याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. फावड्याचंही वय झालं होतं. गुडघ्यापर्यंत दोघेही गप्प होते. तोवर चालतं. कमरेपर्यंत आल्यावर एर्मिनियूने टोपली डोक्यावर घातली आणि गुडघे टेकून खाली बसला.

आता बोलणं भाग होतं. वरून खाकरल्याचा आवाज आला.

"दाजी."

नऊ वर्षांत तो शब्द एर्मिनियूने ऐकला नव्हता. "हं," तो टोपलीतून म्हणाला.

"हं चालत नाही. नियमाने बोल."

"काय बोलू? लक्झेंबर्गला समुद्र आहे का?"

"नाही."

"जन्मभर जहाजं बघत बसलास, आणि चाललास तो समुद्र नाही तिथे."

"लेक तिथे आहे. जहाज तिने आधीच पकडलं." मग कुश्तोदियू म्हणाला, "त्या दिवशी पण जहाजच होतं."

"कुठल्या दिवशी?"

"सोडून गेलो त्या दिवशी. मी लघवीला गेलो होतो कुंपणापाशी. तिथून एक जहाज दिसलं. मोठं, पांढरं. बघत राहिलो. परत आलो तर ताई तुला वर घेत होती." त्याने नाक ओढलं. "काहीतरी मोठं कारण असतं तर सांगितलं असतं. जहाज बघत होतो, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?"

एर्मिनियूने दोन फावडी वाळू वर टाकली. त्याला राग यायला हवा होता. त्याने वाट पाहिली, पण आला नाही. राग इतकी वर्षं सांभाळून ठेवला होता, आणि बाटली उघडल्यावर आत नुसतं पाणी निघालं.

"कुठलं जहाज होतं?"

"इतक्या लांबून काय कळतंय."

"म्हणजे ते पण धड बघितलं नाहीस."

वर कुश्तोदियू हसला. मग खोकला. "ताईने हे दाबकलम केलं ना, तेव्हा मी पलीकडून खड्डा भरलेला बघितला. माझ्या वेलीचा फाटा नेला, मला विचारलंही नाही. मी म्हटलं, नेऊ दे. तिचाच हक्क पहिला."

"मग वर तू नव्हतास?"

"मी? मला कोण बोलावतंय. तू होतास ना?"

"मी लिस्बनला इस्पितळात होतो. हर्निया." एर्मिनियूचं फावडं थांबलं. "परत आलो तर म्हणाली, झालं. मी विचारलं, वर कोण होतं. म्हणाली, होतं कुणीतरी. मला वाटलं तूच. आठवडाभर तिच्याशी नीट बोललो नाही."

"मग झुल्मीरा असेल."

"झुल्मीरा गल्ला सोडून उठली आहे कधी?"

"नाही बुवा," कुश्तोदियू म्हणाला. "मग कोण असेल?"

त्याच वेळी एर्मिनियूच्या बोटांना फाटा लागला. इतक्या वर लागायला नको होता. तो जमिनीपासून छातीइतक्याच खोल होता, कोरड्या वाळूत. त्याने भोवतालची वाळू हाताने बाजूला केली. फाटा आडवा गेला होता, वळला होता, पुन्हा वर चढला होता. साल गुळगुळीत. बोट फिरवत तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. धाग्याएवढंही मूळ नव्हतं. त्याने फाट्याखाली हात घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. तेव्हा कुठे बोटांच्या टोकांना ओल लागली.

एक हात. चिकणमातीपासून एक हात वर तिने फाटा ठेवला होता.

वर कुणी नव्हतं. ती एकटीच उतरली होती. एकट्याने कमरेपर्यंत, हे तिलाही लहानपणीच शिकवलं होतं. ती कमरेच्या खाली गेली होती, छातीपर्यंत. नियम मोडून जेवढं जाता आलं तेवढं गेली, आणि पुढे बहुधा वाळू सरकली असेल, किंवा भीती वाटली असेल, किंवा हाक मारावी असं वाटलं असेल आणि मारायला कुणी नव्हतं. नवरा इस्पितळात होता. भाऊ चार पावलांवर कुंपणापलीकडे होता, पण त्याला बोलावलं असतं तर नवरा घरी आल्यावर तोंड पाडून बसला असता. नाही बोलावलं, तरी तो तसाच बसला. तेवढा एक हात तिने खणला नव्हता आणि त्याचं कारण त्या क्षणी डोक्यावर टोपली घालून खड्ड्यात बसलं होतं.

त्याने फाटा खाली दाबून पाहिला. तीन वर्षांचं लाकूड. कुरकुरलं, वाकलं नाही. अजून जोर केला असता तर मोडलं असतं.

"दाजी," वरून हाक आली. "लागला का?"

एर्मिनियू बोलला नाही.

"दाजी, मुळं आहेत का?"

एर्मिनियूची बोटं अजून त्या गुळगुळीत सालीवरून फिरत होती.

"एर्मिनियू. बोल. एर्मिनियू, गप्प बसायचं नाही."

मग वरून धावत आल्याचा आवाज आला, काठाची वाळू सरसर करत त्याच्या खांद्यांवर आली आणि टोपलीवर दोन हात आपटले. कुश्तोदियू पोटावर पालथा पडून वाळू उकरत होता. न पडलेली वाळू. म्हातारा माणूस, नखं तुटली तरी उकरत होता आणि "ताई, ताई" म्हणत होता. बहुधा त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

एर्मिनियूने टोपली वर केली. दोघांचे चेहरे एकमेकांपासून वीतभर अंतरावर आले.

"आहेत," एर्मिनियू म्हणाला.

"काय?"

"मुळं. आहेत."

कुश्तोदियू तसाच पडून राहिला, धापा टाकत. "किती?"

"भरपूर. थेट मातीत गेलीत."

"खरं?"

"मोजू का आता?"

कुश्तोदियूने बाहीने डोळे पुसले. बाहीची वाळू डोळ्यांत गेली आणि मग तो खुशाल रडला, निमित्त मिळाल्यावर माणूस रडतो तसा. "मी मळा विकला तेव्हापासून झोप नाही मला," तो म्हणाला. "म्हटलं, ताईचं एवढंच होतं, आणि ते मी पैशाला विकलं. वर कोण होतं मग? ज्याने कुणी उभं राहून करवून घेतलं, त्याचं भलं होवो."

"होवो," एर्मिनियू म्हणाला.

"दूध कोण तोडणार? पुरलं तिने."

"तू तोड. तू तिच्या रक्ताचा."

कुश्तोदियू उठला, अंगावरची वाळू न झटकता कुंपणाला वळसा घालून पलीकडे गेला. एर्मिनियू खड्ड्यातच बसून राहिला. फाटा त्याने दोन्ही हातांत धरला होता. नाही तोडलं तरी मशीन तोडणारच होतं. निदान हात तरी घरचा असावा. पलीकडून कुश्तोदियू म्हणाला, "तोडतो हं, दाजी." फाट्याला एक बारीक झटका बसला. एर्मिनियूच्या तळव्यांना तो कळला. मग काहीच कळलं नाही.

खड्डा दोघांनी मिळून भरला. वाळू भरणं सोपं असतं. ती आपणहून जाते.

मशीन फेब्रुवारीच्या शेवटी आलं. म्हातारी उपटायला त्याला अर्धा दिवस लागला, आणि मशीनवाला खानावळीत म्हणाला की असलं हट्टी लाकूड बघितलं नाही. त्याला कुणी वाइन दिली नाही. पैसे देऊन घेतली, तेव्हा झुल्मीराने यंदाची दिली. आमची यंदाची वाइन म्हणजे शिक्षाच असते. दहा वर्षं थांबल्याशिवाय ती माणसात येत नाही.

कुश्तोदियूचा लक्झेंबर्गहून फोन रविवारी प्रार्थनेनंतर खानावळीत यायचा. एर्मिनियूच्या घरी फोन होता, पण तो दियोलिंदाचा होता. मार्चमधल्या एका रविवारी झुल्मीराने रिसीव्हर त्याच्या हातात दिला आणि टेबलं पुसायला लागली. पुसलेलीच टेबलं. बाकीची चार-पाच माणसं आपापल्या ताटात बघत होती. सकाळी एर्मिनियू मळ्यात कात्री घेऊन गेला होता हे सगळ्यांना माहीत होतं. पोरगीचा शेंडा त्याने छाटला होता आणि शेजारी वाळूत बसून राहिला होता, ऊन डोक्यावर येईपर्यंत. बाजूच्या रांगेतल्या वेलींच्या टोकांवर थेंब जमत होते, पडत होते, पुन्हा जमत होते.

"दाजी," कुश्तोदियू म्हणाला. "छाटली?"

"छाटली."

"रडली का?"

झुल्मीराचा फडका थांबला.

"रडली," एर्मिनियू म्हणाला.

"किती?"

"खूप. खालची वाळू भिजली."

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. नुसता श्वास. एर्मिनियूने रिसीव्हर कानाला घट्ट धरला.

"कुश्तोदियू. बोल. गप्प बसायचं नाही."

"काय बोलू?"

"काहीही. खिडकीतून काय दिसतं तुझ्या?"

"गाड्या," कुश्तोदियू म्हणाला. "उभ्या केलेल्या. खूप आहेत."

"मोज मग," एर्मिनियू म्हणाला. "मोठ्याने मोज. मी वर आहे."